तान्हूबाईचे भोपळे

एक होता राजा. मिशा एवढ्या मोठ्या आणि जीव एवढासा. झुरळ दिसलं तरी पाय वर घेऊन बसायचा. हसू नका, खरंच!

त्याला एकच मुलगी, केतकी. ती तान्ही असतानाच तिची आई गेली, म्हणून राजाला तिचा फार घोर. तर एकदा काय झालं, ऐन वैशाखात, भर दुपारी केतकी कैऱ्या पाडायला गेली आणि तिला ऊन लागलं. दोन दिवस पोरगी तापानं फणफणली. मग बरी झाली, पण राजाचं काळीज काही ठिकाणावर येईना. त्यानं दवंडी पिटली, "पाऊस पडेपर्यंत एकाही पोरानं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही!"

आता त्याच गावात राहायची तान्हूबाई. ऐंशी वर्षांची, पण चालायची ताठ आणि बोलायची त्याहून ताठ. ती पोरांना विहिरीत पोहायला शिकवायची. तिच्या कुडावर वेल होता, त्याचे भोपळे वाळवून ती पोरांच्या पाठीला बांधायची. साधे भोपळे नव्हते बरं का ते! गावातल्या प्रत्येक पोराच्या नावाचा एक भोपळा. पोर कुठंही पाण्यात बुडायला लागलं की त्याचा भोपळा ओरडायचा, "धावा, धावा, माझं पोर बुडतंय!" केतकीच्या नावाचाही एक होता. पण राजा तिला विहिरीवर पाठवील तर ना!

तान्हूबाईचा नेमही कडक. उजाडता यायचं, ऊन तापायच्या आत घरी. डोक्याला ओलं फडकं, खिशात कांदा, घरी गेल्यावर पन्हं. आणि एकट्यानं पाण्यात उतरायचं नाही म्हणजे नाही.

दवंडी ऐकून ती म्हणाली, "पोरं काय लोणच्याच्या फोडी आहेत, बरणीत कोंडायला?" आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पोरं घेऊन विहिरीवर हजर.

मग राजा चिडला. त्यानं शिपाई पाठवून सगळे भोपळे उचलून नेले आणि राजवाड्याच्या कोठीत कोंडले. तान्हूबाईनं काय केलं? पोरांच्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला, आणि शिकवणं चालू.

मग राजा फारच चिडला. त्यानं तान्हूबाईलाच वेशीबाहेर काढलं. झालं! विहीर राहिली उघडी आणि राखण करणारी गेली. शहाणाच की नाही?

पोरं घरात कोंडलेली. घामानं भिजली, भांडून दमली. पण कोंडलेलं पोर फट शोधतंच. एका दुपारी राजवाडा घोरत होता, तेव्हा केतकी मागच्या दारानं सटकली. तिला पोहायचं होतं. सांगायला कुणी नाही, बघायला कुणी नाही. तिनं पायऱ्या उतरून पाण्यात पाय टाकला, शेवाळावरून घसरली आणि गेली खोल पाण्यात.

इकडे कोठीतला केतकीच्या नावाचा भोपळा ओरडला, "धावा, धावा, माझं पोर बुडतंय!" त्याच्यामागं बाकीचे शंभर भोपळे ओरडायला लागले. राजा दचकून उठला आणि तापलेल्या धुळीतून अनवाणी धावला. विहिरीवर आला. पण आत उतरणार कसा? त्याला पोहताच येत नव्हतं! बिचारा काठावर उभा राहून नुसता "केतकी, केतकी" करत रडायला लागला.

पण तो कल्ला वेशीबाहेरही गेला होता. पहारेकऱ्यानं भाला आडवा धरला. तान्हूबाईनं तो बाजूला सारला, धावत आली आणि लुगड्याचा काष्टा खोचून धाडकन उडी मारली. वर आली ती केतकीच्या वेणीला धरूनच. पोरीनं पाणी ओकलं, मोठ्यानं भोकाड पसरलं, तेव्हा कुठं राजाच्या जिवात जीव आला.

आणि लगेच तो गरजला, "बुजवा ही विहीर!" शिपाई फावडी घेऊन आले.

तान्हूबाई ओलेत्यानं विहिरीच्या तोंडाशी मांडी घालून बसली. "आधी मला बुजव. एक विहीर बुजवशील, नदी कुठं नेशील? ऊन कशानं झाकशील? पोरीला भिववू नको, शिकव."

तिच्याशेजारी एक पोर येऊन बसलं. मग दुसरं. मग त्यांच्या आया. शिपाई फावडी टाकून बाजूला झाले.

राजा हळूच म्हणाला, "पण म्हातारे, मला भीती वाटते गं."

"वाटू दे की. बाप आहेस. उद्या उजाडता ये, तुलाही शिकवते."

"मी? अगं, मी राजा आहे!"

"पाण्याला कुठं ठाऊक?"

दुसऱ्या दिवशी कोठीतले भोपळे परत आले आणि सगळा गाव विहिरीवर लोटला. तान्हूबाईनं राजाच्या पाठीला सगळ्यात मोठा भोपळा बांधला. राजा पायरीला घट्ट धरून बसला, काही केल्या सोडेना. आपला भोपळा पाठीला बांधून पाण्यात उतरलेली केतकी म्हणाली, "आबा, माझा हात धरा." मग राजानं डोळे मिटले, पायरी सोडली, दोन घोट पाणी प्यायला आणि तरंगला!

तेव्हापासून दर उन्हाळ्यात पहाटे राजा स्वतः विहिरीवर बसून पोरांची डोकी मोजायचा. ऊन चढलं की हाकारून घरी पाठवायचा. सगळी पोरं पोहली, मोठी झाली, सुखात राहिली.

चला, डोळे मिटा. उद्या उजाडता विहिरीवर जायचंय. आणि तुमच्या बापालाही उठवणार आहे मी. चाळीस वर्षांचा झाला, अजून पाणी बघून कापतो मेला!