दुसऱ्या पंगतीचं वाढप

"पण त्यांचा कॉम्प्युटर मीच का बघायचा, बुवा?"

सुधन्वाचा आवाज जरा चढलाच होता.

भिवाजीबुवा पत्रावळी पुसत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "इथं दुसऱ्या कुणाला येतं?"

"मी पुण्याची नोकरी सोडली ती ह्यासाठी? वर्ष होत आलं. तुम्ही अनुग्रह द्याल, कानात मंत्र सांगाल म्हणून थांबलोय. आणि लोक माझ्याकडे येतात ते बंद पडलेली डबडी घेऊन."

बुवांनी पुढची पत्रावळ घेतली.

टेंभीच्या डोंगरावरच्या त्या मठाच्या ओसरीवर गिरजाबाई ठोंबरे बसल्या होत्या. गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर त्यांनी मांडीशी धरला होता. त्यांचे यजमान शाळेत मास्तर होते, भारुडं फार छान म्हणायचे. मागच्या उन्हाळ्यात गेले. त्यांचा आवाज त्या डब्यात होता आणि डबा सुरू होत नव्हता. तालुक्यातल्या दुकानदारानं सांगितलं होतं, नवा घ्या आणि जुन्यातलं विसरा.

सुधन्वानं सकाळीच त्यांना नाही म्हटलं होतं. अगदी नम्रपणे, हात जोडून. तरी बाई हलल्या नव्हत्या.

"तुझा कधी बंद पडला होता का रे?" बुवांनी विचारलं.

"पडला होता एकदा."

"मग?"

सुधन्वा बुवांच्या शेजारी टेकला.

"आईचे शेवटचे फोटो होते त्यात. दुसरीकडे कुठंच नव्हते… मग नेटवर एक सिस्टिम मिळाली. फुकट. पेनड्राइव्हवर घ्यायची आणि तिच्यावरच कॉम्प्युटर सुरू करायचा. आत सगळं जागच्या जागी होतं."

"कुणी केली ती?"

"कुठल्या कुठल्या माणसांनी. करून ठेवून दिली, ज्याला लागेल त्यानं घ्यावी म्हणून. कशी वापरायची तेही एकानं लिहून ठेवलं होतं. माझ्यासारख्या घाबरलेल्या माणसालाही कळेल असं."

"तुझ्याकडून काय घेतलं त्यांनी?"

"काहीच नाही." सुधन्वाचा आवाज आता खाली आला होता. "आईचा पहिला फोटो उघडला तेव्हा मी रडलो, बुवा. कुणाच्या पाया पडावं तेच कळेना."

"हं…"

तेवढ्यात दुसऱ्या पंगतीची घंटा झाली.

या मठाचा एक जुना दंडक आहे. पहिल्या पंगतीला जो जेवला, त्यानं दुसऱ्या पंगतीला वाढायचं. त्यातून कुणाची सुटका नाही. एकदा आमदारसाहेब आले होते, त्यांच्याही हातात वरणाची बादली दिली होती. बिचाऱ्यांनी निम्मं वरण लोकांच्या मांडीवर वाढलं.

सुधन्वा पहिल्या पंगतीला जेवला होता. सवयीनं उठला, बादली उचलली.

बुवांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"आज वरण मी वाढतो."

"मग मी…?"

बुवांनी हनुवटीनं ओसरीकडे दाखवलं आणि ते पंगतीत शिरले.

सुधन्वानं ओसरीकडे पाहिलं. मग खोलीत गेला. सगळं सोडून आलेल्या त्या माणसानं तो एक पेनड्राइव्ह मात्र सोडला नव्हता. जपमाळेच्या पिशवीतच तो होता.

त्यानं डबा उघडला. पंख्यात धूळ आणि चुलीची काजळी घट्ट बसली होती, ती ब्रशनं झाडून काढली. मठाच्या कचेरीतला पडदा, कीबोर्ड आणि स्पीकर आणून जोडला. पेनड्राइव्ह लावला. गिरजाबाई पदराचं टोक मुठीत धरून बघत होत्या.

पडदा उजळला. आत भारुडांची फाइल सापडली, ती त्यानं उघडली.

आधी खोकला ऐकू आला. मग मास्तरांचा आवाज, "गिरजे, कोंबड्या हाकल गं. मग सुरू करतो."

आणि भारूड सुरू झालं.

गिरजाबाई हसल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. "आसंच वराडायचे बघा माझ्यावर…"

पंगतीतले हात थांबले होते. बुवाही बादली धरून उभे होते.

भारूड संपलं तशा बाई सुधन्वाच्या पायाशी वाकायला लागल्या. तो झटकन मागे सरला.

"मला नको, मावशी. मलाही कुणीतरी असंच दिलं होतं."

"कोन हाय तो? त्याला सांगा, लई उपकार झाले."

"त्याचं नाव मला ठाऊक नाही," सुधन्वा म्हणाला. आणि त्यानंच वाकून त्यांना नमस्कार केला. त्याला एकदम फार बरं वाटलं, आईचा फोटो उघडला होता त्या दिवसासारखं.

अनुग्रहाचं त्यानं पुन्हा काढलं नाही.

काही दिवसांनी बुवांनीच बोलावलं. "अंघोळ करून ये. अनुग्रह घ्यायचाय ना?"

सुधन्वा ओलेत्यानंच धावत आला. समोर बसला. बुवांनी दोघांच्या डोक्यावरून उपरणं ओढून घेतलं, तसा मठ गप्प झाला. सुधन्वानं डोळे मिटले, कान पुढे केला.

बुवा त्याच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "ओसरीवर आणखी दोघं येऊन बसलीत."