कंदाचा माथा

डोंगरउतारावरच्या एका जंगलात एक तरुण सायाळ शिकून परत आली. चार वर्षे ती नदीपलीकडच्या दूरच्या रानात होती. वाटेत तिने मनाशी चित्र रंगवले होते, की आपल्या रानातली पिल्ले उपाशी असतील आणि आपण चार गोष्टी सांगताच सगळे तोंडात बोटे घालतील. येऊन पाहते तो काय, पिल्ले गुटगुटीत, उतार वेलांनी झाकलेला आणि तिला कोणी काही विचारीना. तिला लहानाची मोठी करणारी म्हातारी मावशी तेवढी म्हणाली, "वाळलीस गं. बस, रताळं खा."

ही मावशी कंद उकरी, पण सगळा खात नसे. वेलाला धरून असलेला कंदाचा माथा ती दातांनी तोडून पुन्हा खड्ड्यात ठेवी, पायाने माती दाबी आणि पुटपुटे, "तुझं तुला, माझं मला." सायाळीला लहानपणी त्याची गंमत वाटे. आता लाज वाटू लागली.

तिने वडाखाली शाळा भरवली. ससे, उंदीर, घुशी यांची पिल्ले जमली. मागे येऊन एक दांडगे रानडुक्करही बसले. सायाळ तळमळीने शिकवू लागली. रताळे गोड, ते थकल्याभागल्याने खावे. करांदे वेलावर लोंबतात, त्यांनी पोट भरते. शतावरीच्या मुळ्या पिल्ले पाजणाऱ्या आईला द्याव्यात. सुरणाने घसा खाजतो, म्हणून तो चिंचेच्या पाल्याबरोबर चावावा. कडू कंद ठेचून दोन दिवस वाहत्या ओढ्यात ठेवला, की त्याचा कडूपणा निघून जातो. आणि वेल वाळून गेला तरी त्याच्या काडीखाली कंद असतोच, हेही तिने खुणा दाखवून समजावले. डुकराने दोनदा विचारून खात्री करून घेतली. असा विद्यार्थी मिळाला म्हणून सायाळ हरखून गेली.

शेवटी मावशी कडेकडेने पुढे आली. "बाळ, एक राहिलं. माथा..."

"मावशी, ते मंत्रतंत्र घरी," सायाळ हसून म्हणाली. पिल्लेही हसली. मावशी मागे जाऊन बसली. त्यानंतर ती शाळेकडे फिरकली नाही.

मुलांनो, त्या उताराला आजवर राखण होती ती खाजेची, कडूपणाची आणि वाळल्या वेलांची. सायाळीने तिन्ही कुलपांच्या किल्ल्या एका दिवसात वाटल्या. डुकराने आपला कळप बोलावला. महिनाभरात त्यांनी उतार नांगरल्यासारखा केला. सुरण गेले, कडू कंद गेले, माथ्यासकट सगळे गेले. पिल्लांनीही शिकल्याप्रमाणे उकरले आणि चाटूनपुसून खाल्ले. सायाळ धावत डुकराकडे गेली आणि त्याला नाही नाही ते बोलली. ते शांतपणे चिंचेचा पाला चघळत होते.

"बाई, तुम्ही शिकवलंत तेवढंच केलं," ते म्हणाले. "ठेवायचं कुठं शिकवलं होतंत?"

 कळप दुसऱ्या रानाकडे निघून गेला, तिची विद्या बरोबर घेऊन.

फुटायला माथेच उरले नव्हते, म्हणून पुढच्या पावसाळ्यात उतारावर वेल आलेच नाहीत. मोकळी माती ओढ्यात वाहून गेली. पिल्लांच्या बरगड्या दिसू लागल्या. मावशीच्या बिळामागे मात्र हातभर जागेत, तिने पुरून ठेवलेल्या माथ्यातून, एकच वेल चढला होता. तो वाळला, त्या दिवशी मावशीने त्याखालचा कंद उकरून सायाळीपुढे ठेवला. स्वतःच्या अंगावर नुसती काटे-हाडे उरली होती, तरी म्हणाली, "दोन दिवसांची उपाशी आहेस. खा."

तेवढ्यात घुशीचे पिल्लू आले. ते खोटे बोलणारे नव्हते आणि टोचून बोलणारेही नव्हते. त्याने साधेपणाने विचारले, "ताई, आज कोणता कंद शिकवणार?"

सायाळ त्या कंदाला तोंड लावू शकली नाही. रात्रभर तो तिच्यापुढे तसाच पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शाळा वडाखाली भरवली नाही. पिल्लांना घेऊन ती उजाड उतारावर गेली. कंदाचा माथा तिने तोडून वेगळा ठेवला आणि उरलेल्याचे तुकडे पिल्लांना वाटले. एकेकाच्या वाट्याला जेमतेम घास आला. स्वतःला तिने काही ठेवले नाही. मग मावशीला पुढे बसवून ती म्हणाली, "मावशी, आजपासून तू शिकव. मी यांच्यात बसते."

मावशीने माथा मातीत ठेवला आणि पाय दाबला. "तुझं तुला," ती म्हणाली. पुढचे शब्द ती म्हणालीच नाही, कारण माझे म्हणावे असे तिच्यापुढे काही उरले नव्हते.

तात्पर्य : घ्यायला शिकवण्याआधी परत ठेवायला शिकवावे, नुसते घ्यायला शिकवणाऱ्या विद्येने पोट एकदाच भरते.