बेचाळीस काळे अंगठे

फार वर्षांपूर्वी आमच्या हिवरतळ्याच्या ओढ्यावर पूल नव्हता आणि आमच्या गावाला लाजही नव्हती. पूल मागाहून झाला. लाज त्याच्या कितीतरी आधी आली, ती कशी आली ते सांगतो. पोरांनो, पुढं सरका. आणि म्हाताऱ्यांनो, तुम्हीही कान द्या, तुमचेच आजे-पणजे यात आहेत.

तेव्हा गावात कोंडाई नावाची एक विधवा राहायची. मूलबाळ नाही, कडुनिंबाखाली एवढंसं घर. तरुणपणी ती तालुक्याच्या कचेरीत झाडलोट करायची. तिथं भिंतीवर नोटिसा डकवलेल्या असत. झाडता झाडता येईल-जाईल त्याला विचारायची, "दादा, हे अक्षर कोणतं?" असं विचारत विचारत ती वाचायला शिकली. असं म्हणतात, साहेबाच्या टेबलावरचा कागद समोरून उलटा दिसतो ना, तोसुद्धा ती घडाघडा वाचायची.

मग काय, कोणाकडं नोटीस आली की तो कोंडाईच्या दारात. ती दारातल्या दगडावर बसून मोठ्यानं वाचायची आणि दर वेळी बजावायची, "आधी कान, मग अंगठा. ऐकल्याशिवाय अंगठा उठवू नका रे, एक दिवस कोणाचं तरी घर घालवाल." तारखेला ती सोबतही जायची, आठ कोस पायी. वकील लावायची ऐपत होती कोणाची? शिपायानं नाव पुकारलं की आमच्या माणसांची दातखीळ बसायची. कोंडाई मागं उभी राहून एवढंच म्हणायची, "बोल. मी आहे." असं म्हणतात, ते ऐकून मुक्यालाही वाचा फुटायची.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं कोणी म्हटलं की ती फटकन म्हणायची, "शहाण्याचं ठीक आहे रे बाबा. ज्याचं शेत गेलं त्यानं कोणती पायरी चढायची?"

या कोंडाईचा दीर होता नारबा. त्याचा तिच्या घरावर डोळा. त्यानं लेकीचं लग्न काढलं आणि अख्ख्या गावाला जेवण घातलं. कोंडाई मात्र त्या दिवशी गावात नव्हती. माझ्या पणजीची, राहीबाईची, माहेरच्या जमिनीची तारीख होती, म्हणून तिच्यासोबत कचेरीत गेली होती. पणजोबा मागं थांबले. का? तर पंगतीत बुंदी होती. काय सांगू तुम्हाला!

पंगत उठायच्या आत नारबानं कागद काढला. म्हणाला, "ओढ्यावर पूल पाहिजे ना? हा सरकारला अर्ज. उठवा अंगठे." तुपाचे हात धोतराला पुसून बेचाळीस जणांनी अंगठे उठवले. वाचून दाखव, असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. इतकी वर्षं जिनं घसा कोरडा केला, तिची आठवणसुद्धा कोणाला झाली नाही.

त्या कागदावर लिहिलं होतं की कोंडाई ही नारबाच्या भावाची लग्नाची बायको नव्हे, नुसती ठेवलेली बाई होती, घरावर तिचा हक्क नाही, आणि हे आम्ही गावकरी खरं सांगतो. अरे, तिच्या लग्नात जेवून गेलेली माणसं होती ती! खाल्ल्या घरचे वासे मोजणारे, दुसरं काय.

कोंडाईला नोटीस आली तेव्हा सारं उघड झालं. ती कोणावर चिडली नाही. दारोदार जाऊन म्हणाली, "माझ्यासोबत चला. कागद वाचून दाखवला नव्हता, एवढंच सांगा." तर कोणाची गाय विणार होती, कोणाची कंबर धरली होती. खरी गोष्ट अशी, की नारबानं दम दिला होता, "अंगठा फिरवाल तर तुरुंगात जाल." गाव भ्यायलं. एकटी राहीबाई निघाली, तर पणजोबांनी तिला घरात घालून बाहेरून कडी लावली. माझ्याच पणजोबांनी. हे सांगताना अजून माझी जीभ अडखळते.

कोंडाई एकटीच गेली. कारकुनानं कागद वाचला, बेचाळीस नावं वाचली. साहेबांनी विचारलं, "कोंडाबाई, तुमच्या बाजूनं कोण?"

तिनं मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. असं म्हणतात, साऱ्या गावाला बोलतं करणारी ती बाई त्या दिवशी एक शब्द बोलली नाही.

घर गेलं. ती परत आली, दारातल्या दगडावर बसली आणि गाव गोळा करून निकाल मोठ्यानं वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या नावापर्यंत, एकही नाव न गाळता. म्हणाली, "अंगठे आधी झाले, आता कानही झाले." कागद दगडावर ठेवला, वर खडा ठेवला आणि ओढ्याकडं निघाली. असं म्हणतात, ओढ्यानं तिला वाट दिली, आणि मागं धावले त्यांच्या छातीपर्यंत पाणी चढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेचाळीस घरांत एकच ओरड. धुतलेले अंगठे पुन्हा काळे! राखेनं घासले, लिंबानं घासले, सहाणेच्या दगडावर रक्त येईतो घासले. शाई निघेना. भाकरी मोडली तर भाकरीवर डाग, लेकराच्या गालाला हात लावला तर गालावर डाग. माणसं मुठी मिटून हिंडू लागली.

शेवटी राहीबाईनं पणजोबांचा तोच अंगठा धरला आणि म्हणाली, "तोंड लपवून किती दिवस बसाल? चला." अंगठ्याला धरून तिनं नवऱ्याला आठ कोस चालवत कचेरीत नेलं. मागून खाली माना घालून एकेचाळीस जण. साहेबांसमोर पणजोबांची दातखीळ बसली. तेव्हा राहीबाई मागून म्हणाली, "बोला. मी आहे."

बोलले एकदाचे. सगळेच बोलले. साहेबांनी त्यांची अशी खरडपट्टी काढली, की कचेरीबाहेरची माणसं ऐकत उभी राहिली. पण निकाल फिरला आणि घर कोंडाईच्या नावावर लागलं. असं म्हणतात, कचेरीची पायरी उतरताना शाई आपोआप गेली.

कोंडाई मात्र सापडली नाही. गावोगाव शोधली. कोणी सांगितलं, लांबच्या एका कचेरीत एक म्हातारी अनोळखी माणसांच्या मागं उभी राहते. आमची माणसं पोचेपर्यंत तीही निघून गेली होती.

ते घर अजून तिच्याच नावावर आहे. त्याला कुलूप नाही. गावात कोणताही कागद आला की त्या दगडावर बसून पाच जणांदेखत मोठ्यानं वाचला जातो. कोर्टाच्या तारखेला इथं कोणी एकटं जात नाही. बेचाळीस घरांची पाळी लागलेली आहे. शेजारच्या गावचं कोणी आलं तरी आम्ही जातो, जात विचारत नाही, भांडण विचारत नाही.

आणि दरवर्षी, अंगठे काळे झाले त्या दिवशी सकाळी बेचाळीस घरांतली माणसं अंगठ्याला शाई लावून कडुनिंबाखाली उभी राहतात. तो अंगठा दिवसभर कुठंही टेकवायचा नाही. मग तो जुना निकाल वाचतात, सगळ्या नावांसकट. आमच्या घराचं नाव सतरावं. ते आलं की अजून माझी मान वर राहत नाही.

नावं संपली की वाचणारा विचारतो, "कोंडाबाईच्या बाजूनं कोण?"

आणि आम्ही सगळे, कडेवरच्या पोरांसकट, म्हणतो, "आम्ही आहोत."

तिला ऐकू जात नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी म्हणतो. मग वाचणारा कागदाची घडी घालतो आणि विचारतो, या आठवड्यात कोणाची तारीख आहे?