तहसीलदारांची उलटतपासणी

मिरजेच्या प्रमिलाताई शेवाळे छप्पन्न वर्षांच्या होत्या. नवरा जाऊन बारा वर्षं लोटली होती. कुणीतरी आपल्याला प्रेमानं हाक मारावी, एवढ्याच आशेनं त्या ज्येष्ठांच्या विवाह मेळाव्याला सहाव्यांदा आल्या होत्या.

यंदा बायको शोधायला आलेले निवृत्त तहसीलदार रावसाहेब इंगवले हातात माईक घेऊन एकेकीची उलटतपासणीच करत होते. “गुडघे दुखतात का? पथ्याचं रांधता येतं? इंजेक्शन टोचता येतं?” बायका खाली मान घालून उत्तरं देत होत्या. शेवटी प्रमिलाताईंची पाळी आली.

“या वयात प्रेमबीम काही नसतं, बाई. कामाचं बोला. तुम्हाला काय काय येतं?”

प्रमिलाताई उठून उभ्या राहिल्या. “मला एकटीनं राहता येतं, रावसाहेब. तुम्हाला येतं का?”

सभागृहात हशा पिकला. बायकांनी तर टाळ्यांचा कडकडाट केला. रावसाहेबांनी माईक खाली ठेवला.

नंतर सगळ्यांनी प्रमिलाताईंची पाठ थोपटली, पण त्यांच्याशी बोलायला एकही पुरुष पुढे आला नाही. त्या एकट्याच घरी परतल्या. उत्तर बिनतोड होतं, यात शंका नाही. फक्त ते खरं नव्हतं, आणि हे सांगायला घरात कुणी नव्हतं.