पानातलं मीठ

१७ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी नदीवर दाट धुके. दहानंतर लख्ख ऊन, वारा नाही.

“पण बुवा, दोष त्या पिझ्झा-बर्गरचाच ना?”

मी मठाच्या ओसरीवर पत्रावळी पुसत होतो, तेव्हा हा प्रश्न कानावर पडला. विचारणारे शंतनू हसबनीस, वय पस्तिशीच्या आसपास, पुण्याहून स्वतःच्या गाडीने आलेले. हॉटेलांत जेवायचे, मोबाइलवर त्याचे चित्रण करायचे आणि प्रत्येक पदार्थाला दहापैकी गुण द्यायचे, हा त्यांचा व्यवसाय. आपले ऐकून लोक हॉटेल निवडतात, असे त्यांनी आल्या आल्या सांगितले होते. दोनदा.

अलीकडे त्यांना कशाचीच चव लागत नव्हती. डॉक्टरांनी जीभ पाहिली, नाक पाहिले. सगळे ठीक निघाले. मग कोणीतरी आमच्या मठाचे नाव सुचवले.

धोंडीबुवा भिंतीला टेकून ऊन खात बसले होते.

“रस्त्यापलीकडे एक चायनीजची गाडी आहे,” बुवा म्हणाले. “कोबीचं मंचुरियन करतो. झकास करतो.”

हसबनीस गोंधळले. “तुम्ही... खाता?”

“दात नाहीत, पण ते जातं.”

“आणि टीव्ही?”

“संध्याकाळची एक मालिका बघतो. सासू दुष्ट आहे, पण बोलते काय ठसक्यात!”

हसबनिसांनी माझ्याकडे पाहिले. मी पत्रावळीकडे पाहिले.

“मला वाटलं होतं, तुम्ही हे सगळं सोडायला सांगाल.”

“सोडून काय करशील? दुसरं काहीतरी धरशील.”



“घरी स्वयंपाक कोण करतं?” बुवांनी विचारले.

“बायको. वृषाली. नोकरी सांभाळून करते.”

“तिला किती देतोस?”

“काय?”

“गुण.”

हसबनीस हसले. मग हसायचे थांबले.

“लग्न झाल्यावर ती रोज विचारायची, कसं झालंय? मी सांगायचो. सहा. कधी साडेसहा. खोटं नव्हतं हो बुवा, असायचंच साडेसहाचं. आता ती विचारत नाही. अजून वाढू का, एवढंच म्हणते.”

“मग तू काय म्हणतोस?”

“मला ऐकूच येत नाही. जेवताना समोर मोबाइलवर काहीतरी चालू असावं लागतं, आवाज कानात असतो. काय लावायचं हे ठरेपर्यंत भाजी गार होते. ती आली की मी नुसता हात आडवा धरतो.” त्यांनी हात धरून दाखवला. समोर पान नव्हते, तरी बरोबर पानावर धरल्यासारखा.

“बरं...”

“हल्ली ती माझ्याआधीच जेवून घेते.” हसबनिसांचा आवाज खाली आला. “हॉटेलांचं राहू द्या. घरचा घास मला परत गोड लागला पाहिजे, बुवा. त्यासाठी आलोय.”

“ऊठ,” बुवा म्हणाले. “पंगत बसतेय.”

बुवांनी त्यांना शेजारी बसवून घेतले. वाढायला मी होतो. आधी मीठ, पानाच्या वरच्या कडेला, मधोमध. मग लिंबू, चटणी, वांग्याची भाजी, बाजरीची भाकरी, द्रोणात आमटी.

हसबनिसांनी मोबाइल काढला. एक फोटो वरून, एक बाजूने. मान वाकडी करून पाहिले. मग बोटाने मीठ पानाबाहेर लोटले, ती जागा रुमालाने पुसली आणि पुन्हा फोटो काढला.

“पांढरा डाग येत होता,” ते मला म्हणाले.

बुवा थांबून राहिले होते. “याचं जेवण झालं?”

“कोणाचं?”

“मोबाइलचं. आधी तो जेवतो ना?”

पंगतीत कोणीतरी फिस्सकन हसले. हसबनिसांचे कान लाल झाले. मोबाइल खिशात गेला.

“थट्टा करा, बुवा. चव लागत नसली तरी जीभ विसरलेली नाही. डोळे बांधा, काय काय घातलंय ते सांगतो.”

“मग सांग.”

श्लोक म्हणून झाला. हसबनिसांनी एक घास घेतला आणि डोळे मिटले. सगळी पंगत त्यांच्याकडे पाहत राहिली. मठाचा स्वयंपाक करणाऱ्या अनसाबाईसुद्धा दारात येऊन उभ्या राहिल्या.

“वांगं ताजं. कूट शेंगदाण्याचं, त्यात थोडे तीळ. मोहरी नीट तडतडलेली नाही... आणि मीठ कमी. साडेपाच.”

“अगं बाई!” अनसाबाईंनी पदर तोंडाला लावला. रागावल्या नव्हत्या, हसत होत्या.

बुवांनी हसबनिसांच्या पानाकडे पाहिले. वरच्या कडेकडे, पुसलेल्या जागेकडे. पाहतच राहिले...

हसबनिसांनीही तिकडे पाहिले. मग शेजारच्या पानाकडे. तिथे मीठ होते. त्याच्या पलीकडच्या पानावरही होते.

“म्हणजे... हे आपण घालून घ्यायचं असतं?”

“ती कमीच घालते,” बुवा म्हणाले. “उरलेलं तुझ्याकडे दिलं होतं.”

हसबनीस पुसलेल्या जागेवरून बोट फिरवत बसले.

“वृषालीसुद्धा ताटात आधी मीठ वाढते,” ते हळूच म्हणाले. “मला वाटायचं, रीत म्हणून.”

बुवांनी मला खूण केली. मी पुन्हा मीठ वाढले.

हसबनिसांनी चिमूटभर घेतले, भाजीत कालवले, घास तोंडात घातला. या वेळी डोळे मिटले नाहीत. चावत राहिले. काहीतरी म्हणायला तोंड उघडले आणि त्यात पुढचा घास घातला. मग आमटीत लिंबू पिळले. चटणीला हात लावला. अनसाबाई आत निघून गेल्या, कारण आता तिथे बघण्यासारखे काही नव्हते. माणूस जेवत होता.

भाकरी संपली. मी भात घेऊन आलो.

“भात वाढू का?”

हसबनिसांचा हात सवयीने पानावर आडवा झाला. ते बुवांकडे वळले होते. चेहरा उजळला होता.

“बुवा, लागतेय हो! खरंच लागतेय. आता किती देऊ? आठ? की नऊच देऊ?”

बुवा आमटी भुरकत होते. द्रोण रिकामा होईपर्यंत ते थांबले नाहीत. मी भात घेऊन तसाच उभा.

मग त्यांनी द्रोण खाली ठेवला.

“तो भात हवा का, एवढंच विचारतोय.”

हसबनिसांनी हात काढला. त्यांनी दोनदा भात घेतला.