तांबड्या ठिपक्याच्या शिवल्या

फार फार वर्षांपूर्वी, खाडीला अजून कुणी नाव दिलेले नव्हते तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी, कारण हिच्यातली चूक शिकल्यासवरल्या माणसाची आहे.

खाडीकाठच्या एका गावातली सगुणा नावाची मुलगी सात समुद्रांपलीकडे शिकायला गेली. शिंपल्यातले जीव कसे वाढवावेत, ही विद्या ती तिथे शिकली. परतीच्या गलबतावर बसून तिने सगळे मनात रंगवून ठेवले होते. गावातले शिंपले संपले असतील, बायका डोक्याला हात लावून बसल्या असतील. आपण धक्क्यावर पाय ठेवला की साऱ्या गोळा होतील आणि म्हणतील, आता तूच काय ते बघ.

प्रत्यक्षात धक्क्यावर एक बगळा होता, आणि तोही तिला पाहून जागचा हलला नाही. बायका पलीकडे गुडघाभर चिखलात उभ्या राहून शिवल्या काढत होत्या. शिवल्या म्हणजे खाडीच्या चिखलात राहणारे, बोटाच्या पेराएवढे शिंपले. त्यांचे कालवण ज्याने खाल्ले आहे, त्याला अधिक सांगायला नको. बायकांनी मान वर केली, ही कुणाची पोर ते ओळखले, फार वाळली आहे असे आपसात ठरवले आणि त्या पुन्हा वाकल्या.

पण सगुणाची कळकळ खोटी नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. शिवल्या खरोखरच कमी होत चालल्या होत्या. पूर्वी एका ओहोटीत टोपली भरायची, आता दोन ओहोट्या लागत. सगुणाने ठरवले की खाडीत शिवल्यांचे शेत करायचे.

तिने बायकांकडून बारीक शिवल्या मागून घेतल्या. घराजवळचा चिखलाचा एक सपाट तुकडा निवडला. होडीला लावायचा तांबडा रंग आणून प्रत्येक शिवलीच्या पाठीवर एक ठिपका दिला, म्हणजे आपल्या कोणत्या ते ओळखू यावे. मग दोरी धरून सरळ ओळी आखल्या आणि एकेक शिवली वीतभर अंतरावर रोवली. चारी कोपऱ्यांना काठ्या पुरल्या. गावातली माणसे बांधावर उभी राहून बघत होती. एकाने विचारले की यांना शेणखत कधी घालणार. सगुणाने त्याला शांतपणे समजावले. शांतपणे समजावणे हा तिचा मोठा गुण होता, आणि गाव त्याला थोडे घाबरूनच असे.

त्या गावात आवडाक्का नावाची एक म्हातारी होती. शिवल्या कुठे आहेत हे ती टाचेने सांगायची. चिखलात टाच दाबायची, घटकाभर थांबायची आणि म्हणायची, इथे खणा. सगुणाच्या शेताच्या कडेला तिने टाच दाबून पाहिली आणि मान हलवली.

"बाय, इथला चिखल शिळा आहे, इथे पाणी खेळत नाही. त्या राहायच्या नाहीत."

सगुणाने तिलाही समजावले. तिचे गुरू म्हणत, कवचातला जीव म्हणजे बसून राहणारा जीव. त्यांच्या देशात खडकाला चिकटलेली कालवं होती. ती एकदा चिकटली की जन्मभर तिथेच. गुरूंनी चाळीस वर्षे कालवंच पाहिली होती, त्यामुळे त्यांचे म्हणणे कालवांपुरते अगदी खरे होते. आवडाक्काने सगळे ऐकून घेतले, कारण तेवढ्यात भरती येणार होती आणि तिला तसेही घरी जायचे होते.

पौर्णिमेचे उधाण येऊन गेले. ओहोटीला सगुणा शेतावर गेली, तर काठ्या जागच्या जागी होत्या, ओळी होत्या, आणि शिवली एकही नव्हती.

ती तशीच चिखल तुडवत खाली गेली. चाळीस पावलांवर, ओहळ खाडीला मिळतो तिथे आवडाक्का शिवल्या धूत बसली होती. टोपलीत अकरा शिवल्यांच्या पाठीवर तांबडा ठिपका होता.

"तुझ्याच आहेत गं," आवडाक्का म्हणाली. "इकडे आल्या. घेऊन जा."

सगुणाला वाटले, चोरी ती चोरी आणि वर हा आव. संतापाने तिच्या डोळ्यांत पाणी आले. माझे शेत नव्हे, साऱ्या गावाचे उद्याचे अन्न या बाईने उपटले, असे म्हणत ती थेट गावकाराकडे गेली.

गावकार म्हणजे गावचा प्रमुख. त्याला न्याय देण्याची भारी हौस होती आणि तीन वर्षांत त्याच्यापुढे एकच खटला आला होता, तोही एका कोंबड्याचा. त्याने तातडीने पागोटे बांधले आणि चावडी भरवली. गावचा नियम त्याने सर्वांना मोठ्याने ऐकवला. खाडीत चोरी करणाऱ्याने वर्षभर खाडीत पाय ठेवायचा नाही. आणि कुणी खोटा आळ घेतला, तर आळ घेणाऱ्यालाही तीच शिक्षा.

आवडाक्काला मूल नव्हते, शेत नव्हते. खाडी हेच तिचे घर आणि तीच तिची चूल. वर्षभर ती बंद झाली तर म्हातारीने खायचे काय, हे चावडीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. तरी टोपलीतले तांबडे ठिपकेही सर्वांना दिसत होते.

गावकाराने विचारले, तुझे काय म्हणणे आहे. आवडाक्का म्हणाली, माझे म्हणणे काही नाही, शिवली काय म्हणते ते बघा. एक शिवली ओल्या चिखलात ठेवा, भोवती रेघ मारा आणि गप्प बसा.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी ओसरू लागताच सगळे गाव खाडीत उतरले. सगुणाने स्वतः ठिपक्याची एक शिवली ठेवली, स्वतः रेघ मारली. गाव गोल करून बसले, आणि साठ-सत्तर माणसे एका शिवलीकडे टक लावून पाहू लागली.

शिवलीने कवच घट्ट मिटून घेतले.

गप्प बसणे हे त्या गावाचे काम नव्हतेच. कुणी खोकले, कुणी पाय बदलला. एकजण म्हणाला की ती झोपली आहे. दुसरा म्हणाला, परक्या पुरुषांसमोर लाजते आहे, तुम्ही मिशा तरी झाका. गावकाराने दोनदा तिला चालण्याचा हुकूम दिला. शिवलीने तो मानला नाही. सूर्य डोक्यावर आला, घराघरातून आमटीचा वास सुटला आणि न्यायासाठी बसलेली माणसे एकेक करून उठली. जाता जाता गावकार म्हणाला की शिवली हललेली नाही हे सर्वांनी पाहिले आहे, निकाल उद्या सकाळी. सगुणाच्या खांद्यावर हात ठेवून त्याने हेही सांगितले की निकालानंतर खाडीचा सगळा दक्षिण काठ तुझ्या शेताला देऊ.

चिखलात दोघीच राहिल्या. सगुणा आपली शिवली उचलायला वाकली, तर आवडाक्काने तिचा हात धरून तिला खाली बसवले आणि ओठांवर बोट ठेवले.

बऱ्याच वेळाने कवच किंचित उघडले. आतून जिभेसारखा एक पांढरा पाय बाहेर आला. त्याने चिखल चाचपला, चिखलात रुतला आणि सगळे घर मागून ओढून घेतले. मग थांबला. पुन्हा बाहेर आला, पुन्हा ओढले. अशी ढकलत ढकलत शिवली रेघेवर आली आणि रेघ ओलांडून पलीकडे गेली. तिथे पाण्याची बारीक धार वाहत होती. शिवलीने एक चिकट तंतू सोडला, धारेने तो तंतू ताणला आणि शिवली उचलली गेली. तांबडा ठिपका डुलत डुलत ओहळाच्या तोंडाकडे निघाला.

सगुणाने इतकी वर्षे शिंपल्यांचा अभ्यास केला होता, पण शिंपल्याशेजारी गप्प बसण्याची तिची ही पहिलीच वेळ.

तिला वाटले, आता म्हातारी म्हणेल, जा आणि सांग त्यांना. आवडाक्का तसे काही म्हणाली नाही. गुडघ्यांवर हात टेकून ती उठली आणि म्हणाली, "चल, दोन घास खाऊन घे. सकाळपासून उपाशी आहेस."

संध्याकाळभर सगुणा विचार करत बसली. पाहिले ते फक्त आपण, आणि आवडाक्काचे कोण ऐकणार? खरे सांगितले तर वर्षभर खाडी आपल्याला बंद. मग शेत कोण करणार, गावाला कोण शिकवणार? एका म्हातारीचे एक वर्ष जाईल, पण गावाचे पुढचे शंभर वर्षांचे भले होईल. म्हातारीला आपण रोज डबाभर भात पाठवू. शिकलेल्या माणसाला सोयीचे कारण सापडायला वेळ लागत नाही, आणि सगुणा तर फार शिकलेली होती. पण प्रत्येक कारणाच्या शेवटी ती भाताच्या डब्याशी येऊन अडखळे. हाच भात घेऊन आवडाक्का विचारणार, तू जेवलीस का, हे तिला पक्के ठाऊक होते.

सकाळी चावडी भरली. गावकाराने घसा साफ केला, तोच सगुणा उभी राहिली.

"शिवली चालली. मी पाहिली."

"आम्ही सर्वांनी पाहिले की ती चालली नाही," गावकार म्हणाला. "आणखी कुणी पाहिली?"

"आवडाक्काने."

"ती तर आरोपी."

"मग मी एकटीने पाहिली. आळही मीच घेतला होता. नियमाप्रमाणे शिक्षा मला द्या."

गावकाराने नाइलाजाने निकाल सांगितला. वर्षभर सगुणाने खाडीत पाय ठेवायचा नाही. एवढ्या लांबून ती ज्या चिखलासाठी परत आली, तो चिखलच तिच्याकडून काढून घेतला गेला होता. सगुणाने मान खाली घातली, पण बोललेला एकही शब्द मागे घेतला नाही.

मागच्या रांगेतून आवडाक्का उठली.

"बंदी पायांना आहे ना? कानांना काही नाही ना?"

गावकाराने नियम मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिला. कानांचा उल्लेख त्यात कुठेच नव्हता.

"मग पोरी, बांधावर येऊन बस," म्हातारी म्हणाली. "मी चिखलातून ओरडून सांगत जाईन. आणि तू तिथून मला सांग, ते परदेशातले कालव इतके आळशी का."

चावडी हसली. सगुणाही हसली, आणि त्याच ओहोटीला वही घेऊन बांधावर जाऊन बसली.

तात्पर्य: आपल्याला जे शिकवले नाही ते जगात नाहीच, असे मानणाऱ्याला जागोजागी चोर दिसतात.