रोहिताचा जन्मजात रंग

फार फार पूर्वी खाऱ्या तळ्यावर एक रोहित पक्षी राहायचा. "माझा गुलाबी रंग जन्मजात," तो ऐटीत सांगायचा, "म्हणजे जन्मलो तेव्हा राखाडी होतो, पण ते सोडा!" ज्या शेवाळाच्या आज स्पिरुलिना म्हणून गोळ्या विकतात, तेच खाऊन तो रंगला होता.

त्याला समुद्रावरची, कोळंबी खाऊन वाढलेली मुलगी सांगून आली. तिच्यापुढे हा म्हणाला, "छे, असली हिरवी घाण मी खात नाही." मग शब्द पाळायला शेवाळ सोडावं लागलं. नवी पिसं आली, ती पांढरीफटक.

लग्नादिवशी नवरीने त्यालाच विचारलं, "बगळेभाऊ, आमचे नवरदेव कुठे?" वऱ्हाड खो खो हसलं.

शरमेने अर्धा झालेला रोहित शेवाळापाशी येऊन पुटपुटला, "ताई, मान खाली घालायची वेळ आली गं."

"आत्ता आली? माझ्याकडे जेवायला तू रोज मान खाली घालूनच यायचास की!"